नाव न सांगता बोललेले

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारी दवाखाना बंद करून जेवायला निघालो होतो, तेवढ्यात शेजारच्यांची मुलगी दोघा मित्रमैत्रिणींना घेऊन दारात उभी. ही मुलगी कोल्हापूरला पत्रकारिता शिकते, रोज हातकणंगले स्टेशनवरून रेल्वेने जाऊन-येऊन करते. सोबतच्या मुलाच्या खांद्यावर कॅमेऱ्याची पिशवी, दुसऱ्या मुलीच्या हातात माईक. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांना वीस मिनिटांचा माहितीपट करायचा होता. विषय त्यांचा त्यांनीच निवडलेला. इंटरनेटवर टोपणनाव घेऊन अनोळखी माणसांशी रात्र रात्र बोलणारी माणसे.

"काका, नाव लपवून बोलणारी माणसं खोटी असतात की खरी? डॉक्टर म्हणून तुम्हाला काय वाटतं?" तिने विचारले.

मी म्हटले, "अगं, मी पोटाचा आणि तापाचा डॉक्टर. हे मला काय विचारतेस?"

पण जेवताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण या स्तंभाच्या निमित्ताने माझ्या टेबलाच्या खणात जी पत्रे साठली आहेत, त्यातल्या निम्म्याहून अधिक पत्रांखाली नाव नाही. 'एक वाचक', 'आपली एक भगिनी', 'त्रस्त, ता. हातकणंगले'. पूर्वी आंतर्देशीय पत्रे येत, आता व्हॉट्सअॅपवर चिठ्ठीचा फोटो येतो, तोही बहुधा दुसऱ्या कुणाच्या नंबरवरून. आणि नाव नसलेल्या पत्रातली हकीकत नाव असलेल्या पत्रापेक्षा खरी असते, हा माझा अनुभव आहे. नाव असलेले पत्र 'आमच्या एका मित्राला असा त्रास आहे' अशी सुरुवात करते. नाव नसलेले पत्र सरळ 'मला' म्हणते.

आपल्या मराठीत ही रीत जुनी आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. घरच्या डॉक्टरला किंवा सख्ख्या भावाला जे विचारता येत नसे, ते लोक टपालाने कर्व्यांना विचारत आणि कर्वे मासिकातून उत्तर देत. अशाच वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण मासिक बंद पडले नाही. कर्व्यांच्या जीवनावर अमोल पालेकरांनी २००१ साली 'ध्यासपर्व' हा चित्रपट केला, तो काही वाचकांनी पाहिला असेल.

मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. महिंदर वत्स यांनी २००५ पासून तिथल्या एका इंग्रजी दैनिकात असेच सदर चालवले. वयाची नव्वदी ओलांडल्यावरही ते निनावी प्रश्नांना उत्तरे देत होते. २०२० च्या डिसेंबरमध्ये ते वारले. त्यांच्यावर वैशाली सिन्हा यांनी 'आस्क द सेक्सपर्ट' नावाचा माहितीपट २०१७ साली केला. तो पाहा, असे मी मुलांना सुचवले. निनावी माणसांवर फिल्म करायची तर चेहरा कुणाचा दाखवायचा, ही त्यांची अडचण त्या बाईंनाही आली असणार.

आता मूळ प्रश्न. माणूस अनोळखी माणसाजवळ मन मोकळे का करतो? रेल्वेत मिरजेपर्यंतच्या प्रवासात शेजारचा प्रवासी घरातल्या वाटण्यांपासून सुनेच्या स्वभावापर्यंत सगळे सांगून मोकळा होतो, हे आपण पाहतोच. तो पुन्हा भेटणार नसतो, आपल्या भावकीत त्याची सोयरीक नसते, एवढेच कारण. इंटरनेटवर या गोष्टीला जोर चढतो. जॉन सुलर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००४ साली याची फोड केली. नाव दिसत नाही, चेहरा दिसत नाही, समोरच्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही, उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागत नाही. त्यामुळे मनाचा ब्रेक सैल होतो. ब्रेक सैल झाल्यावर एखादा आयुष्यभर गिळलेले दुःख बाहेर काढतो, तर एखादा समोरच्याला आईबहिणीवरून शिव्या घालतो. दोन्ही एकाच कारणाने होते, हे सुलर यांचे म्हणणे मला पटते. दारूनेही असेच होते. एक रडतो, एक मारामारी करतो.

दुःख बाहेर काढल्याने शरीराला बरे वाटते का, यावरही अभ्यास झाले आहेत. जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी बाईंनी १९८६ साली कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले. काहींना साध्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना मनावर झालेला मोठा आघात. ज्यांनी आघाताविषयी त्यातल्या घटना आणि भावना अशा दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. कागदावर नाव नव्हते आणि वाचून सल्ला देणारेही कुणी नव्हते. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत इतका फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही ज्याला कुणाशीच बोलणे जमत नाही, त्याला मी एक शंभर पानी वही घ्यायला सांगतो. औषध स्वस्त आहे.

मुलांना माझे हे बोलणे आवडले, त्यांनी ते कॅमेऱ्यात घेतले. मागे कंपौंडर दोनदा खोकला म्हणून तीनदा बोलावे लागले. मग मूळ मुद्दा निघाला. "काका, असा एखादा पेशंट मिळेल का? चेहरा धूसर करू, आवाज बदलू."

मी नाही म्हणालो. पेशंटने दवाखान्यात सांगितलेले दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर न्यायचे नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. २००२ सालच्या वैद्यकीय नीतिनियमांत तो आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. जीव धोक्यात असेल तेव्हा घरच्यांना सांगावे लागते, तो अपवाद. फिल्म हा अपवाद नव्हे.

पण नियमापेक्षा मोठे कारण माझ्या मनात होते, ते मुलांना सांगितले आणि आज इथेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, लिहायला नुकती सुरुवात केली होती तेव्हा, बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर मी एक लेख लिहिला. त्यात माझ्या एका पेशंटची हकीकत घातली. नाव अर्थातच दिले नव्हते. 'दोन मुलींची आई, नवरा एस.टी.त, राहायला पाण्याच्या टाकीजवळ' एवढेच लिहिले होते. लेख छापून आला त्या दिवशी दुपारपर्यंत त्या गल्लीत ती बाई कोण हे सगळ्यांना कळले होते. तिच्या सासूने अंक हातात घेऊन तिला विचारले, "हे तू बाहेर सांगत फिरतीस व्हय?" ती बाई पुन्हा माझ्या दवाखान्यात आली नाही. गोळ्या अर्ध्यावर सुटल्या. दोनएक वर्षांनी स्टेशनवर दिसली. मी हाक मारणार तोच तिने पदर पुढे ओढून तोंड फिरवले. मी तिची माफी मागू शकलो नाही. मागायला गेलो असतो तर पुन्हा चर्चा झाली असती.

नाव गाळले म्हणजे माणूस लपला, ही समजूत चुकीची आहे. लटान्या स्वीनी नावाच्या अमेरिकी संशोधक बाईंनी २००० साली दाखवून दिले की जन्मतारीख, पिनकोड आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येतील. त्याआधी १९९७ साली त्यांनी नावे गाळून दिलेल्या दवाखान्यांच्या नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांची नोंद शोधून काढली होती. तिकडे संगणक लागला. आपल्याकडे पारावर बसलेले दोघेजण पुरतात.

एवढे सांगूनही मुले निराश झाली नाहीत. शेजारची म्हणाली, "तुमचं बरोबर हाय काका. आम्ही कॉलेजात चिठ्ठी लावू, ज्याला बोलायचंय तो येईल. येतो मी." (बाहेरगावच्या वाचकांना सांगतो, आमच्याकडे मुलीही 'येतो' म्हणतात.)

आणि खरोखर एकजण आला, पण त्यांच्याकडे नव्हे, माझ्याकडे. पुढे जे लिहितो आहे ते त्याच्या परवानगीने. छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवले आहे. त्यातल्या काही गोष्टी मी बदलल्या आहेत. कोणत्या ते सांगणार नाही, आणि वाचकांना हात जोडून विनंती की शोधत बसू नका.

तरुण मुलगा, इचलकरंजीला मागावर रात्रपाळी. मागच्या वर्षी छातीत धडधड आणि पोटात आग म्हणून माझ्याकडे आला. पट्टी काढली, ती ठीक. थायरॉईड तपासले, तेही ठीक. रक्तदाब थोडा वर. आमच्याकडे येणारी पुष्कळ उदास माणसे उदास आहे असे सांगत नाहीत. अंग दुखते, डोके जड होते, अन्न जात नाही, पहाटे तीनला जाग येते असे सांगतात. मला शंका आली, पण पहिल्या खेपेला विचारले तर "काय न्हाई, जागरण हाय" एवढेच. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला तो केसपेपर घडी घालत बसला आणि खाली बघून बोलू लागला.

वडील गेल्यावर कर्ज अंगावर आले होते. मरायचे विचार डोक्यात घोळत होते. या काळात मोबाईलवर एका ठिकाणी त्याची एका अनोळखी माणसाशी ओळख झाली. दोघांनी टोपणनावे घेतली होती. बाई की पुरुष, कोणत्या गावचे, ते त्याने विचारले नाही, त्या माणसानेही विचारले नाही. आठ महिने रोज रात्री सुट्टीच्या अर्ध्या तासात लिहून बोलणे चाले. एका रात्री याचे फार बिनसले होते. तेव्हा तो माणूस पहाटेपर्यंत थांबला, दर पाच मिनिटांनी काहीतरी लिहीत राहिला, आणि सरकारी मदतीचा १४४१६ हा नंबर दोनदा लिहून पाठवला. याने तो फिरवला. तिथल्या बाई मराठीत बोलल्या. त्यांनीच डॉक्टरकडे जायला सांगितले, म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी म्हटले, "अरे, तुझ्या वडलांना मी वीस वर्षं तपासलं. मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या बाकड्यावर माझी चुलती बसलेली असती, डॉक्टर. तुमाला सांगाय तीन खेपा लागल्या. त्याला पहिल्याच रात्री सांगितलं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. गावातला डॉक्टर सगळ्यांना ओळखतो, ही त्याची ताकद असे मी सत्तावीस वर्षे समजत आलो. ज्याला न ओळखणारा माणूस हवा आहे, त्याच्या दृष्टीने तीच ताकद अडचण असते. त्या दिवसापासून बाकडी आतल्या खोलीच्या दारापासून लांब सरकवली आहेत आणि दाराला जाड पडदा लावला आहे. सुचायला इतकी वर्षे लागली.

त्याला गोळ्या सुरू केल्या, कोल्हापूरला सी.पी.आर.च्या मानसोपचार विभागात पाठवले. सुधारणा होत गेली. आणि मग या वर्षी पावसाळ्यात तो अनोळखी माणूस अचानक बंद झाला. निरोप नाही, भांडण नाही, खातेच नाहीसे. हा दोन आठवडे वाट पाहत होता, झोप पुन्हा उडाली. "डॉक्टर, कुणी गेलं तर आपण सांत्वनाला जातो. ह्यो गेला का जिता हाय तेबी कळायचं न्हाई. कुणाच्या दारात जाऊ?"

नाव न सांगता जुळलेल्या मैत्रीची ही बाजू पुस्तकांत फारशी सापडत नाही. अशी मैत्री बोलते करते, रात्र निभावून नेते, पण तिला पत्ता नसतो. ताप आला तर ती पेज घेऊन येत नाही, आणि ती संपली तर चार माणसे जमत नाहीत. घरच्यांना तर हे दुःखच वाटत नाही, 'मोबाईलवरचं कोण ते' म्हणून सोडून देतात. त्या मुलाला मी एवढेच सांगितले की तुला जे होते आहे ते माणूस गेल्याचे दुःखच आहे, वेड नव्हे. आणि विचारले की घरातल्या किंवा कामावरच्या एका माणसाला, एकाच, सांगशील का? त्याने आठ दिवसांनी आपल्या जॉबरला सांगितले. जॉबरने काही सल्ला दिला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून सुट्टीत डबा घेऊन त्याच्याजवळ येऊन बसू लागला.

त्याला मुलांच्या फिल्मविषयी कुठून तरी कळले होते. त्याला तीत बोलायचे होते, कारण कदाचित तो अनोळखी माणूस ती पाहील! इथे खरी अडचण झाली. सगळे झाकावे तर त्या एका माणसाला ओळख पटणार कशी? आणि उघड करावे तर साऱ्या पेठेला कळणार.

मुलांनी एकदा चाचणी म्हणून चित्रीकरण केले. चेहरा काळा, आवाज घोगरा केलेला. माझ्याच दवाखान्यात संगणकावर लावून पाहिले. कंपौंडर इंजेक्शनचा ट्रे पुसत होता. मान वळवून बघितले न बघितले आणि म्हणाला, "ह्यो तर अमक्याचा थोरला." कशावरून? तर बोटे मोडायच्या पद्धतीवरून. वर म्हणतो, "आनि मागं कुत्रं वरडतंय त्ये आपल्याच बोळातलं." मुलांनी सगळे पुसून टाकले, माझ्यासमोर. मुलगा खट्टू झाला, पण कबूल झाला.

शेवटी तोड त्या कॅमेरावाल्या मुलाने काढली. मुलाची हकीकत एका दूरच्या गावच्या माणसाने वाचायची, पडद्यावर फक्त रात्रीची रेल्वे आणि रिकामा फलाट. मात्र ते दोघे रोज पहाटे निरोप घेताना जे एक ठरावीक वाक्य लिहीत, ते जसेच्या तसे शेवटी ठेवायचे. इतरांना ते साधेच वाक्य वाटेल. ते मी इथे देत नाही. फिल्म कॉलेजात दाखवून झाली, आणखी एका ठिकाणी पाठवली आहे. अजून कुठून काही कळलेले नाही.

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काहींना वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जून महिन्यात अहवाल प्रसिद्ध केला, त्यात जगातल्या दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाचा त्रास असल्याचे म्हटले आहे. त्याआधी २०१० साली १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांवर माणसांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. ज्यांचे इतरांशी संबंध घट्ट, त्यांची त्या त्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक निघाली. बिडी सोडण्याइतकाच हा विषय आमच्या खात्यात येतो.

नाव न सांगता आणि तरीही समोरासमोर बसून बोलण्याचा एक मार्ग १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी दोघा दारुड्यांनी काढला. त्यातला एक शेअर बाजारातला, एक शल्यचिकित्सक. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही त्यांची संघटना आज महाराष्ट्रातही मराठीतून सभा घेते. आडनाव सांगावे लागत नाही, पण चहा एकत्र पितात. मला ही रीत फार शहाणी वाटते. आणि लंडनच्या चाड वारा या पाद्र्याने १९५३ साली संकटातल्या माणसांसाठी टेलिफोन सुरू केला, त्यामागे एका कोवळ्या मुलीचा मृत्यू होता. पाळी सुरू झाली ती तिला गुप्तरोग वाटली आणि विचारायला कुणी नव्हते, असे वारा सांगत. आपल्या घरातल्या मुलींना विचारायला कुणी आहे का, एवढे आयांनी पाहावे. नाहीतर त्या मोबाईललाच विचारतील, आणि तिथे उत्तर देणारा कर्वे असेलच असे नाही.

आईवडिलांचा हमखास प्रश्न असतो, "पोरगं रात्रभर मोबाईलवर असतंय, काढून घेऊ का?" एकदम हिसकावून घेऊ नका. त्याच्या हातात त्या घडीला आधाराची एकच दोरी असेल, तर ती तुम्ही तोडाल. आधी कुणाशी बोलतो असे न विचारता झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारा. दोन आठवड्यांवर झोप आणि भूक गेली असेल, कामात लक्ष नसेल, 'मी नसलो तर बरं' अशी भाषा असेल, तर डॉक्टरकडे आणा किंवा १४४१६ ला फोन करा. तो दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. मूल अठराच्या आतले असेल आणि अनोळखी मोठा माणूस फोटो मागत असेल, तर मात्र दिरंगाई नको, १०९८ किंवा पोलीस.

आणि ज्यांना अनोळखी माणसाशी बोलून बरे वाटते, त्यांनी खुशाल बोलावे. मन सांगा, पण पत्ता, कामाचे ठिकाण, बँकेचा नंबर सांगू नका. समोरचा लगेच व्हिडिओवर ये म्हणू लागला तर तिथेच थांबा. दुःख ऐकणाऱ्याला तुमच्या शरीराचा फोटो लागत नाही.

शेवटी एका पत्राला उत्तर. निळ्या शाईत, पाठकोऱ्या हँडबिलावर लिहिलेले पत्र परवा मिळाले. खाली सही नाही. व्हिडिओवर फसवून घेतलेल्या चित्रफितीसाठी तीन महिने पैसे भरतो आहे, बायकोचे दागिने ठेवले, झोप नाही, आता काही सुचत नाही, असे लिहिले आहे.

पत्रलेखक, तुम्ही गुन्हा केलेला नाही, तुमच्यावर झाला आहे. आणखी एक रुपया पाठवू नका. दिले की मागणी वाढते, थांबत नाही. आलेले मेसेज, नंबर, पैसे भरल्याच्या पावत्या पुसू नका. १९३० या नंबरवर आजच तक्रार करा. दुसऱ्याचे खासगी चित्र असे पसरवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे ध्यानात ठेवा. पोलीस ठाण्यात एकटे जायची भीती वाटत असेल तर मी बरोबर येतो. 'काही सुचत नाही' म्हणजे काय, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचे आहे, त्यासाठी रात्रीची वाट पाहू नका. मंगळवारी दुपारी चार ते पाच दवाखान्यात गर्दी नसते. मागच्या बोळातले दार उघडे ठेवतो. कंपौंडरला त्या वेळी चहा आणायला पाठवलेले असेल. केसपेपरवर नाव काय लिहायचे ते बोलणे झाल्यावर पाहू.